अप्पांचा डावा पाय

गाडी माझी नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बेळगावच्या उद्यमबागेत माझं चार मशिनचं शेड आहे. दोन सीएनसी, एक जुनी लेथ, एक ग्राइंडर. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या बारीक दांड्या, करून द्यायचं जॉबवर्क. एवढ्यावर कुणी मस्टँगसारखी अमेरिकन स्पोर्ट्स कार घेत नाही. गाडी मित्राची. मागच्या गल्लीत त्याची फाउंड्री आहे. एक मोठी ऑर्डर फळली त्या वर्षी पठ्ठ्यानं पुण्याहून सेकंडहँड मस्टँग आणली, लालभडक, आणि महिन्याभरात तिला घाबरला. मग ती फाउंड्रीच्या ऑफिसमागे ताडपत्रीखाली गेली. ताडपत्री काढली तरी बॉनेटवर मोल्डिंगच्या काळ्या वाळूची पूड असायचीच, बोटानं नाव लिहावं इतकी. महिन्यातून एकदा फोन यायचा, "बॅटरी उतरायला लागली बघ. जरा फिरवून आण की."

मी कशाला नाही म्हणतोय!

फिरवायला मी एकटा जात नसे. शेजारच्या सीटवर अप्पा, माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं लॉरी चालवली, बहुतेक सगळी गोव्याच्या लाइनीवर. खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा. जाताना बेळगावची भाजी, येताना मीठ, नारळ, जे मिळेल ते. जुन्या टाटाला डबल क्लच मारावा लागायचा. क्लच दाबून गियर न्यूट्रलला, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा एक ठोका, परत क्लच, मग खालचा गियर. ठोका चुकला की गियरबॉक्समधून असा आवाज यायचा की मागून येणाऱ्या लॉरीवाल्यालाही कळायचं, आज गाडीवर नवा माणूस आहे.

तर हे अप्पा मस्टँगमध्ये बसले की त्यांचा डावा पाय चालायला लागतो. गाडी पहिल्यातून दुसऱ्या गियरला जायची वेळ आली की वहाण काढून ठेवलेला तो पाय रबरी मॅटवर दाबला जातो. तिसऱ्याला जाताना पुन्हा. त्यांना पत्ताही नसतो. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की पाय दाबला जातो आणि गाडी गियर बदलते, यात पळाचंही अंतर नाही. इंजिनाचा आवाज ऐकून माणूस जे ठरवतो तेच गियरबॉक्स ठरवत होता. नंतर नंतर मी इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरऐवजी अप्पांच्या पायाकडेच बघायला लागलो.

ही मस्टँग म्हणजे अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेल्या घराण्यातली सहावी पिढी. कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची होऊन निघालेली ही पहिली पिढी, म्हणून तर २०१६ साली ती रीतसर आपल्याकडे विकायला आली. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, सहा गियरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स, आणि जोर सगळा मागच्या दोन चाकांना. हँडगियर आपल्याकडे आलाच नाही. "स्पोर्ट्स कार आणि ऑटोमॅटिक? मग चालवायचं काय?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मीही त्यातलाच होतो.

पहिल्यांदा बाहेर काढली ती काँग्रेस रोडला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात तेवढं एकदाच. त्याची आठवण या रस्त्याच्या नावात आहे. अशा साध्या राहणीच्या रस्त्यावरून आम्ही चारशे घोडे घेऊन ताशी वीसनं निघालो होतो, कारण रेल्वे गेट पडलेलं. पुढं रिक्षा, मागं बस, शेजारी स्कूटीवर शाळेची पोरं गाडीचे फोटो काढणारी. आणि गाडी? एखाद्या म्हातारीच्या गाडीसारखी शांत. ब्रेकवरचा पाय किंचित उचलला की आपणहून पुढं सरकते, दाबला की थांबते. हे सरकणं टॉर्क कन्व्हर्टरचं. इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये क्लचच्या जागी तेलानं भरलेला डबा. त्यात समोरासमोर दोन पाती-चक्रं. एक पंखा चालू करून समोर दुसरा बंद पंखा धरला तर तोही फिरायला लागतो, तसं. वेग आला की आतला एक क्लच दोघांना कुलूप लावतो, मग तेलात जोर वाया जात नाही.

आजकालच्या पुष्कळ स्पोर्ट्स कारमध्ये त्याऐवजी दोन क्लचचा गियरबॉक्स असतो. एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो. फोक्सवॅगननं २००३ साली तो सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत आणला. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखं काही नाही, पण गेट पडलेल्या रस्त्यावर ताशी तीनच्या वेगानं तो नवशिक्यासारखा हिसके देतो, क्लच तापवतो. आमच्या गावाला तेलाचा डबाच बरा.

गियरबॉक्सच्या पोटातलं एक सांगायलाच हवं, कारण ते माझ्या धंद्याचं आहे. तेलाचा दाब कुठल्या क्लचला द्यायचा हे ठरवणारा एक अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आत असतो, व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. भुयारांचं गाव जणू. त्या भुयारांतून बोटाएवढे स्पूल मागंपुढं सरकतात आणि तेलाची वाट उघडतात, बंद करतात. आमच्या शेडमध्ये दिवसभर मी हेच करतो. स्पूल आणि त्याचं भोक यांत पाच-दहा मायक्रॉनची फट, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जास्त झाली तर तेल गळणार, कमी झाली तर स्पूल अडकणार. म्हणजे कंप्युटरनं कितीही हुशारीनं ठरवलं तरी शेवटी गियर पडतो तो कुणीतरी ग्राइंडरवर उभं राहून मापात आणलेल्या दांडीमुळं. हे कळल्यापासून ऑटोमॅटिकला नावं ठेवायचं माझं धाडस होत नाही.

आता मोड. मस्टँगच्या मधल्या भागात विमानात असतात तसे टॉगल स्विच आहेत, एका ओळीत. त्यातला एक दाबत गेलं की मीटरवर नावं बदलतात. नॉर्मल, स्पोर्ट प्लस, ट्रॅक, स्नो-वेट. बेळगावात बर्फ पडतो तो वळिवाच्या गारांचा, तेवढा सोडला तर 'स्नो' शब्द वायाच. 'वेट' मात्र आमच्यासाठीच लिहिलाय म्हणायचा.

लोकांचा समज असा की स्पोर्ट मोड लावला की इंजिनाचा जोर वाढतो. बहुतेक गाड्यांत तसं काही नसतं. जोर तेवढाच. बदलतं ते पेडलचं बोलणं. अ‍ॅक्सिलरेटरला हल्ली केबल नसते. पाय किती दबला हे सेन्सर सांगतो, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची हवेची झडप, किती उघडायचं हे कंप्युटर ठरवतो. वेटमध्ये पाव पेडल दाबलं तर तो पाव भागही देत नाही. स्पोर्टमध्ये तेवढ्याच पायाला निम्म्याच्या आसपास देऊन मोकळा होतो. शिवाय गियर वरपर्यंत ताणायचे, खाली चटकन यायचं, स्टिअरिंग जड करायचं. काही कंपन्या तर स्पीकरमधून इंजिनाचा आवाज ऐकवतात. लग्नात जेवणापेक्षा मेनूकार्ड भारी असतं, तसला प्रकार.

आम्हाला बेळगावकरांना मोड म्हणजे काय हे समजवावं लागत नाही म्हणा. भाजीवालीशी मराठी, सरकारी खिडकीशी कन्नड, गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणी, आणि फाउंड्रीतल्या उत्तरेकडच्या कामगारांशी हिंदी. चार वाक्यांत चार मोड. माणूस तोच, किती सांभाळून बोलायचं तेवढं बदलतं. कुठल्या खिडकीशी कुठला मोड लावला नाही तर काय होतं, त्यावर इथं सत्तर वर्षं भांडणं चाललीत, त्यात मी आत्ता शिरत नाही.

गाडी घसरते का, याचं गणित मी अप्पांकडून शिकलो होतो, फक्त तेव्हा ते गणित आहे हे कळलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला लॉरीत घेऊन जायचे. अनमोड घाटात वळण आलं की म्हणायचे, "रुपाया एकच आहे. बारा आणे वळणात घातलेस तर पळायला चार आणेच उरले." चाक जमिनीला टेकतं ते साधारण तळहाताएवढ्या जागेवर. चार चाकं, चार तळहात. वळायचं, थांबायचं, पळायचं, सगळं त्या चार तळहातांच्या पकडीतून. इंजिनिअरिंगची पुस्तकं यालाच घर्षणाचं वर्तुळ म्हणतात, आणि वजाबाकी तिथं आण्यांइतकी सरळ नसते. पण अनमोडच्या घाटात वर्तुळ काढत बसायला वेळ कुणाला होता.

पावसात तो रुपया दहा-अकरा आण्यांचा होतो. पहिल्या पावसात तर आणखी कमी, कारण वर्षभर रस्त्यानं प्यायलेलं डिझेल, ऑइल, धूळ यांचं लोणी वर येतं. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे हा रुपया मोजणारा कारकून. प्रत्येक चाकाशी एक दातेरी किंवा चुंबकी कडं आणि त्याच्याकडे बघणारा सेन्सर. पुढची चाकं नुसती लोळतात, म्हणून गाडीचा खरा वेग तीच सांगतात. मागची चाकं त्यांच्यापेक्षा जास्त फिरायला लागली की कारकून समजतो, पकड सुटली. मग इंजिनाचा जोर कमी करतो, नाही भागलं तर फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. गंमत अशी की थोडं घसरणं लागतंच. रस्त्यावर टायरची पकड सगळ्यात जास्त असते ती चाक दहा ते वीस टक्के घसरत असताना. अजिबात न घसरणारं, सोवळं चाक जोर लावत नाही आणि बेफाम फिरणारंही लावत नाही. स्पोर्टमध्ये कारकून थोडी उधारी चालू देतो, वेटमध्ये रोख व्यवहार. ट्रॅकमध्ये तो चहाला जातो.

गेल्या जुलैची गोष्ट. जांबोटीवरून कणकुंबीकडे निघालो होतो. मलप्रभेचा उगम तिथं. पावसाळ्यात त्या बाजूला नुसतं धुकं आणि पाणी, आणि अप्पांना ते बघायचं होतं. बेळगाव सोडताना रस्ता कोरडा होता म्हणून मी स्पोर्ट प्लस लावला होता आणि विसरलो होतो. एवढाच गुन्हा. जांबोटीच्या पुढं झाडी सुरू झाली, रस्त्यावर ओला पाला. पुढं एक टिपर चालला होता. एका चढाच्या उजव्या वळणात तो बाजूला वळला, रस्ता मोकळा झाला आणि माझा पाय दबला. फार नाही, निम्मा.

गियरबॉक्सला वाटलं, साहेबांना ओव्हरटेक करायचंय. पाचव्यातून तो एकदम तिसऱ्यावर आला. इंजिन गरजलं आणि माझ्या पाठीखालची सीट डावीकडे सरकली. दुसरा शब्द नाही. मागचा भाग डावीकडे बाहेर निघाला, नाक आत उजवीकडे दरडीकडे. मीटरवर पिवळा दिवा फडफडला, गाडीच्या चित्राखाली दोन नागमोडी रेघा. आणि पुढून खरखर आली, पत्र्यावर कुणी करवत घासावी तशी. गाडीनं एक हेलकावा खाल्ला आणि सरळ झाली. इंजिन मुकं होतं. माझा पाय तसाच दाबलेला, पण गाडी माझं ऐकत नव्हती. मग हळूहळू ऐकायला लागली.

वेग पन्नासच्या आसपास. त्या वेगाला एका सेकंदात गाडी चौदा मीटर जाते. मी स्टिअरिंगला काही करायच्या आतच सगळं आटपलं होतं.

अप्पा काही बोलले नाहीत. कणकुंबीला चहा घेताना म्हणाले, "पाय एकदम काढला नाहीस, बरं केलंस." मी मान हलवली. खरं म्हणजे मी थिजलो होतो, म्हणून पाय निघाला नव्हता. वळणात घाबरून पाय एकदम काढला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि सुटलेली आणखी सुटतात. अप्पांना हे ठाऊक होतं. गाडीलाही ठाऊक असणार, कारण तिनं जोर झटक्यात तोडला नाही, उतरवत नेला.

मग ते म्हणाले, "माझ्या पायाखाली काय धडधडलं रे ते?"

घरी आल्यावर बसून शोधलं तेव्हा उलगडलं. निव्वळ ट्रॅक्शन कंट्रोलचं ते काम नव्हतं, त्याचा थोरला भाऊ स्टॅबिलिटी कंट्रोल धावला होता. स्टिअरिंग किती वळलंय हे एक सेन्सर सांगतो. गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती फिरतेय हे दुसरा सांगतो. दोघांचं जमेना की समजायचं, चालकाला हवंय एक आणि गाडी करतेय भलतंच. मागचा भाग बाहेर निघाला तर वळणाच्या बाहेरच्या अंगाच्या पुढच्या एकाच चाकाला ब्रेक लावायचा. त्यानं नाक बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि गाडी सरळ होते. वळण उजवं, म्हणजे बाहेरचं चाक डावं. डावं पुढचं चाक. अप्पांच्या डाव्या पायाच्या समोर, वीतभर पत्र्याच्या पलीकडे.

एका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावायचं काम माणूस कधीच करू शकत नाही, पेडल एकच असतं. ते करतो तोही एक व्हॉल्व्हचा ठोकळाच. खरखर आली ती त्याच्या पंपाची आणि उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हची. हाच ठोकळा एबीएसचा, जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा. बॉशनं १९७८ साली मर्सिडीझच्या एस क्लासमध्ये तो पहिल्यांदा दिला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की चाक अडकू नये म्हणून ब्रेक सोडता येतो, तर चाक फिरू नये म्हणून लावताही येईल. १९९५ साली वळणाचा सेन्सर जोडून पुरी स्टॅबिलिटी आली, तीही मर्सिडीझमध्येच, महागड्या गाडीत. पण दोन वर्षांनी स्वीडनमधल्या एका मासिकानं त्याच कंपनीची छोटी ए क्लास घेऊन रस्त्यात सांबरासारखं जनावर आडवं आलं तर कशी चुकवायची याची चाचणी घेतली आणि गाडी उलटली. त्यानंतर कंपनीनं छोट्या गाडीलाही स्टॅबिलिटी कंट्रोल दिलं. श्रीमंतांची वस्तू साध्या गाडीत उतरली ती अशी, फजितीमुळं.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "कुठल्या मोडला होतास?" अप्पा मात्र गाडीमागं उकिडवे बसले होते. टायरवर अंगठ्याचं नख दाबून बघत होते. नक्षी भरपूर होती, गाडी चाललीच कुठं होती? पण नख रुतेना. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१७. तेविसावा आठवडा, साल २०१७. कारखान्यातून आलेलेच टायर, ताडपत्रीखाली उभ्या उभ्या कडक झालेले. म्हणजे तो कारकून बिचारा आधीच खोट्या नाण्यांचा हिशेब करत होता. मोड कुठलाही लावा, नाणं टायरचं. मित्रानं चार टायरचा भाव काढला आणि त्या दिवशी जेवला नाही.

टायर बदलायचं 'बघू' वर राहिलं, आणि पावसाळाभर मी वेट मोड सोडून काही लावलं नाही. त्यातच गणपती आले. आत्याच्या गावी, खानापूर तालुक्यात, जायचं होतं. आतेभावाचा हट्ट, लाल गाडीच आणा. आणली. खळ्याच्या कडेला लावली, रात्री पाऊस झाला आणि सकाळी मागची चाकं तांबड्या चिखलात चार बोटं खाली.

डी ला टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन घुसमटल्यासारखं झालं, पिवळा दिवा फडफडला, गाडी जागची हलेना. जास्त दाबला तरी तेच. इंजिन मेल्यासारखं. जांबोटीला ज्यानं वाचवलं तोच कारकून इथं घात करत होता. चिखलात चाक थोडं फिरावंच लागतं. फिरलं की टायरच्या खाचांतला चिखल उडतो आणि खालच्या घट्ट जमिनीपर्यंत रबर पोचतं. कारकुनाला एवढंच दिसतं की मागची चाकं फिरतायत आणि पुढची उभी, म्हणजे घसरण शंभर टक्के, म्हणजे जोर तोड. हिशेब बरोबर, शहाणपण शून्य.

गावातली निम्मी पोरं जमली होती. कुणी ट्रॅक्टर आणायला निघालं, कुणी मोबाइल काढला. अप्पा खाली उतरले, धोतर खोचलं, चाकांसमोर पेंढा पसरायला लावला, त्यावर दोन गोणपाटं. मग खिडकीपाशी येऊन म्हणाले, "ह्या घोड्याचा लगाम कुठं आहे? सोड की तो."

मी ट्रॅक्शन कंट्रोलचा टॉगल दाबला. दिवा कायमचा पेटला. बहुतेक गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, स्टॅबिलिटीही घालवायची तर काही सेकंद धरून ठेवावं लागतं. ते अवघड केलंय ते मुद्दामच. स्टिअरिंगमागच्या पट्टीनं दुसरा गियर मागितला, म्हणजे चाकांना झटका कमी. अप्पा पुढं उभे, तळहात खाली करून 'हळू, हळू' दाखवत. लॉरी मागं घेताना मी क्लीनरच्या जागी उभा राहून त्यांना असंच दाखवायचो. थोडी पुढं, सोडली, मागं लोळली, परत पुढं. तिसऱ्या झोक्याला गोणपाट पकडलं आणि गाडी बाहेर आली. मागं उभ्या असलेल्या आतेभावाच्या आरतीच्या पांढऱ्या झब्ब्यावर तांबडी रांगोळी उठली. गाडीचा हट्ट त्याचाच होता, त्यामुळं बोलायला जागा नव्हती. टॉगल मी लगेच परत दाबला.

हे लगेच परत दाबणं महत्त्वाचं. हायवेच्या सर्व्हिस रोडला रात्री काही पोरं तेच बटण बंद करून मागची चाकं फिरवतात, धूर काढतात, रील बनवतात. त्यांना कौतुक कशाचं वाटतं मला कळत नाही. चारशे हॉर्सपॉवरची मागच्या चाकांची गाडी घसरवायला काही कौशल्य लागत नाही, ती घसरायलाच बसलेली असते. न घसरवता वळणातून बाहेर काढायला लागतं. पण त्याचा व्हिडिओ काय करणार? त्यात काही दिसतच नाही.

दिवाळीनंतर मित्रानं गाडी विकली. कोल्हापूरचं गिऱ्हाईक. टायरचे पैसे किमतीतून वजा केले. पोचवायला मी आणि अप्पा. काकती मागं पडली, वंटमुरीचा घाट झाला, हत्तरगी, संकेश्वर. नॉर्मल मोड, कोरडा रस्ता, अप्पांचा पाय आपल्या कामावर. पुढं तवंदीचा घाट, खाली निपाणी. हा उतार लॉरीवाल्यांचा जुना वैरी. ब्रेक तापून निकामी झालेल्या गाड्यांच्या कितीतरी गोष्टी मी लहानपणी ऐकल्यात. अप्पांचा नियम होता, ज्या गियरनं घाट चढाल त्याच गियरनं उतरा. ब्रेकवर नव्हे, इंजिनावर उतरा.

उतार सुरू झाला. गाडी सहाव्यात, इंजिन आळसावलेलं, वेग वाढत चाललेला. अप्पा सीटवर पुढं सरकले. "खालच्याला घे." मी पट्टीकडे बोट नेईपर्यंत त्यांचा डावा पाय मॅटवर दाबला गेला, पूर्ण तळापर्यंत, आणि उजवा टाचेवर वळून ठोका द्यायला उठला. डबल क्लच. त्याच वेळी मी ब्रेकला नुसता पाय लावला. इंजिनानं आपणहून एक ठोका घेतला, आवाज वर गेला, गाडी पाचव्यात आली. पुन्हा ब्रेकला पाय, पुन्हा ठोका, चौथा. आणि तिथंच धरून राहिली. उतार ओळखायला शिकवलेले असतात हे गियरबॉक्स, ब्रेकला पाय लागला आणि तरी वेग हटेना की खाली येतात. मला ठाऊक होतं. अप्पांना नव्हतं.

ते तसेच बसून राहिले, पाय दाबलेला. मग सावकाश उचलला.

"कुणी शिकवलं रे हिला?"

मी सांगायला लागलो. कंपन्यांची माणसं असतात, वर्ष-वर्ष घाटांतून गाड्या फिरवतात, कंप्युटर लावून बसतात, कुठल्या उताराला काय करायचं ते एकेक आकडा भरून ठरवतात. अप्पा ऐकत होते की नाही कोण जाणे. निपाणी मागं पडली. कोगनोळीचा टोल नाका दिसला तसा त्यांनी सवयीनं खिशात हात घातला आणि शंभराची नोट काढून माझ्यापुढं धरली.

मी काही म्हणायच्या आत दांडा आपला वर गेला. नोट हातात तशीच, अप्पा मान वळवून खिडकीतला माणूस शोधत होते.